पडद्यावरचा आकडा आणि मीटरचा काटा

वीज डोळ्यांना दिसत नाही, पण तिचा हिशेब घरातल्या बाईला बरोबर कळतो. मिक्सरचा आवाज बदलला, फ्रीज कण्हू लागला, पंखा रेंगाळला, की हातातलं काम टाकून आपण आधी दिव्याकडे बघतो. माझं तर पोटच या हिशेबावर आहे. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीला आमची पिठाची गिरणी. तिच्या बोर्डावर एक व्होल्टमीटर आहे. शेतांतले पंप सुरू झाले की त्याचा काटा खाली झुकतो. तशात दळण चालू ठेवलं तर मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. म्हणून काटा झुकला की मी सरळ गिरणी बंद करते. बायका डबे ठेवून जातात, थोडी कुरकुर करतात. पण मोटर भरून आणायला किती पैसे लागतात ते त्यांनाही ठाऊक आहे!

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या पुतण्याचा कॉम्प्युटर.

पुतण्या लग्नाचे व्हिडिओ जुळवून देतो. शूटिंग दुसरे करतात; हा घरी बसून कापाकापी करतो, गाणी घालतो. कॉम्प्युटर जुना, दुसऱ्याच्या हातचा घेतलेला. नवा घेण्याची ऐपत नाही, म्हणून त्याने आहे त्याचाच वेग वाढवला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रोसेसर कंपनीने ठरवला असेल त्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचा, आणि तो अडखळू नये म्हणून त्याला व्होल्टेजही थोडं जास्त द्यायचं. हा उद्योग जुनाच आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर आला, तेव्हा हौशी मंडळी ३०० मेगाहर्ट्झचा तो जीव ४५० वर पळवत. कमी पैशात जास्त काम कोणाला नको असतं?

यंदा ऐन लग्नसराईत कॉम्प्युटर मधेच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागला. दोन तासांचं काम पाण्यात. तीन लग्नांचे ॲडव्हान्स घेतलेले. पोरगा माझ्याकडे आला, चेहरा उतरलेला. “मोठीआई, प्रोसेसर गेला वाटते. नवीन घ्या लागते.”

त्या महिन्यात माझी भिशी लागली होती. ते पैसे मी पुतणीच्या नर्सिंगच्या फीसाठी धरून ठेवले होते. भावजींनी तर हातच झटकले. “वहिनी, त्या डबड्यात पैसे कायले घालता?” जाऊबाई काही बोलल्या नाहीत, पण एका डोळ्याने लेकाकडे आणि एका डोळ्याने लेकीकडे बघणाऱ्या आईची अवस्था मला दिसत होती. प्रोसेसर, आणि त्याला चालणारा नवा मदरबोर्ड, म्हणजे फीचे पैसे संपले.

मी म्हटलं, “आधी मला दाखव, हा चालतो कशावर.”

मैत्रिणींनो, कॉम्प्युटरच्या पोटात वीज कशी फिरते ते एकदा समजलं की फारसं अवघड नाही. भिंतीतून २३० व्होल्ट येतात. पेटीत मागच्या बाजूला एक डबा असतो, त्याला सगळे एसएमपीएस म्हणतात. तो या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे भाग करतो. पुढे मदरबोर्डवरची जुळणी त्या १२ व्होल्टचा एक, सव्वा व्होल्ट करून प्रोसेसरला भरवते. व्होल्टेज इतकंसं, पण करंट किती बघा : १२५ वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला सव्वा व्होल्टवर १०० ॲम्पिअर लागतात!

आता वेग वाढवण्याचा खर्च. वेग जितका वाढेल तितकी वीज वाढते हे कोणालाही पटेल. पण व्होल्टेजचा हिशेब वर्गाने वाढतो. पोराने वेग ४ गिगाहर्ट्झवरून ४.६ केला होता आणि व्होल्टेज १.२० वरून १.३५. वेग वाढला १५ टक्के. विजेची भूक वाढली सुमारे ४५ टक्के. म्हणजे ९५ वॅट खाणारा प्रोसेसर १३८ च्या घरात गेला. घरात एक पाहुणा वाढला आणि भाकरी मात्र तिघांच्या जास्त लागू लागल्या, असा हा प्रकार.

पोरगा पडद्यावरचे आकडे दाखवू लागला. काम नसताना प्रोसेसरचं व्होल्टेज १.३५, काम सुरू झालं की १.२८. “पाह्य, हे पडते, म्हणून मी आणखी वाढवतो.” मी त्याचा हात धरला. काटा पडला म्हणून मोटरला आणखी जुंपायचं, हे मला पटेना. माझा धाकटा भाऊ टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं काम करतो, त्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, “ताई, भार आल्यावर एवढं उतरणं हे बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यावरून ना प्रोसेसर खराब म्हणता येत, ना पुरवठा.” शिवाय पडद्यावर दोन वेगळे आकडे असतात : एक प्रोसेसरने मागितलेलं व्होल्टेज, दुसरं बोर्डावरच्या चिपने मोजलेलं. आपण मागितलेली साखर आणि वाण्याने दिलेली साखर एकच असते का? आणि ती मोजणारी चिपही काही सोनाराचा काटा नव्हे. विशेषतः १२ व्होल्टच्या आकड्यात ती पुष्कळदा चुकते.

मग भावाने मीटर काढला. चार भोकांच्या मोकळ्या प्लगमध्ये पिवळी तार १२ व्होल्टची, काळी शून्याची. कॉम्प्युटर निवांत असताना मीटरने १२.०८ दाखवले. पोराने सगळ्यात जड काम लावलं, तसा मीटर उतरत उतरत ११.२ वर आला. पडद्यावर मात्र ११.९ झळकत होते! या १२ व्होल्टना पाच टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते, म्हणजे ११.४ ते १२.६. आमचा डबा त्या हद्दीखाली गेला होता. पाचेक मिनिटांत पडदा काळा झाला.

एसएमपीएसवर ४५० वॅट असं ठळक छापलं होतं. पण खालच्या बारीक अक्षरांतल्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे १८ ॲम्पिअर होते. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. कॉम्प्युटरची खरी भूक या १२ व्होल्टवरच भागते. बाकीचे आकडे बेरीज फुगवायला. प्रोसेसर पूर्वीच्या वेगाने चालला असता, तर ग्राफिक्स कार्ड, पंखे, डिस्क आणि मधली गळती धरून २०० च्या आत भागत होतं. वाढवलेल्या वेगाने ते २४५ च्या पुढे गेलं. प्रोसेसर गेलेला नव्हता. उपाशी होता.

या जागी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच गावातल्या चोवीस वर्षांच्या एका मुलाने स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेतली. वेल्डिंगचं काम करणारा पोरगा, मारुती ८०० चं इंजिन बसवलेलं. पंख्याचं पातं तुटून डोक्याला लागलं आणि तो गेला. गावातल्या प्रत्येक आईच्या काळजात तेव्हापासून एक काटा आहे. घरात पोरगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसला की छातीत धस्स होतं. कॉम्प्युटरने कोणाचा जीव जात नाही, हे मला कळतं. पण “ठेव ते सगळं गुंडाळून” हे शब्द जाऊबाईंच्या तोंडी आले, ते त्याच भीतीने आले. मला वाटतं, आपण “करू नको” म्हटलं की पोरं थांबत नाहीत, फक्त सांगायची थांबतात. त्यापेक्षा शेजारी बसून “किती सोसेल ते आधी मोजू” म्हणावं.

नुसतं जास्त देणं हे प्रेम नव्हे, हे मोठमोठ्या कंपन्यांनाही शिकावं लागतं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर वारंवार अडखळू लागले, तेव्हा २०२४ साली कंपनीने सांगितलं, की आतल्या सूचनांमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली, हमी दोन वर्षांनी वाढवली. पण जे झिजले होते, ते काही त्या दुरुस्तीने बरे झाले नाहीत.

आणि बळ वाढवायचा दुसरा रस्ताही असतो. आपल्या वऱ्हाडातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो एकाच प्रोसेसरला चाबूक मारून नव्हे. चौसष्ट प्रोसेसर एका जुवाखाली जोडून केला. पोराला हे सांगितलं तर तो हसला, “मोठीआई, आपल्याजवळ एकच बैल हाय.” म्हटलं, मग त्याला वैरण तरी पुरी घाल.

शेवटी काय केलं ते सांगते. १२ व्होल्टवर ४० ॲम्पिअरच्या वर देणारा चांगला एसएमपीएस आणला. वेग उतरवून ४.३ गिगाहर्ट्झ आणि व्होल्टेज १.२५ ठेवलं. वेग मूळपेक्षा सात-साडेसात टक्के जास्त, वीज सोळा-सतरा टक्के. मीटरने पुन्हा मोजलं. पूर्ण भारावर ११.९. भिशीतला थोडा भाग गेला, फी वेळेवर भरली गेली. तिन्ही लग्नांचे व्हिडिओही पोचले.

ज्यांच्या घरी असा कॉम्प्युटर आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी :

एसएमपीएस घेताना ठळक वॅट बघू नका; १२ व्होल्टपुढचे ॲम्पिअर बघा, त्याला १२ ने गुणा, आणि लागणाऱ्या विजेपेक्षा निदान चौथा हिस्सा जास्त ठेवा.

त्याचा डबा कधीही उघडू नका. आत सव्वातीनशे व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.

पेटीला हात लावला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. कोळसा-मीठ घातलेला खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा.

६०० व्हीए लिहिलेला घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटच्या आसपासच पेलतो. लाइट गेल्यावर तो कॉम्प्युटर सांभाळेल, प्रिंटर आणि पंखा नव्हे.

परवा पोराने गिरणीच्या बोर्डाशेजारी एक कागद चिकटवला. त्यावर तारीख, वेळ आणि काट्याचा आकडा रोज लिहितो. कोणत्या वेळी दळण घ्यावं आणि कोणत्या वेळी व्हिडिओ लावावा, हे आता त्या कागदावरून ठरतं. जाऊबाई वाचायला येतात, आणि जाताना आकडा बरोबर लिहिला आहे ना, ते काट्याशी ताडून बघतात.