दाजी

आमच्या पाटण खोऱ्यात तेव्हा घरटी एक माणूस मुंबईला असायचा. जमीन डोंगरउताराची, नाचणी-वरी आणि मूठभर भात. त्यावर वर्ष निघायचं नाही. त्यामुळं मिसरूड फुटलं की पोरगं परळ-लालबागच्या वाटेला लागायचं. बायको गावाकडं, नवरा गिरणीत. वर्षातनं दोनदा गाठ पडायची, ती पण आठ-पंधरा दिवसांची. 1961 च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागं बायका साडेसहाशेच्या आसपास होत्या, हे मी फार पुढं वाचलं. पण त्या आकड्याचा अर्थ मी लहानपणीच डोळ्यांनी बघितला होता.

11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या घराच्या दगडमातीच्या भिंती आत बसल्या. आईनं मला अंगाखाली घेतलं म्हणून मी राहिलो. त्या हादऱ्यात आमच्या भागातली पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. मुंबईलाही धक्का जाणवला होता म्हणे, पण तात्या साचेखात्यात रातपाळीला होते. सांच्यांच्या धडधडीत त्यांना काही कळलं नाही. पाळी सुटल्यावर बाहेर बातमी ऐकली आणि तसेच निघाले. घर उभं राहीपर्यंत आम्हां दोघांना त्यांनी मुंबईला नेलं.

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली. तिच्यात आमच्या गावचे सोळा-सतरा गडी. भिंतीला खुंट्या, खुंट्यांना कपडे, खाली ट्रंका. पाळ्या तीन, त्यामुळं एक उठला की त्याच्या वळकटीवर दुसरा आडवा व्हायचा. आम्ही दारात उभे राहिलो तशी उघड्या अंगानं बसलेल्यांची धांदल उडाली. ज्याच्या हाताला जो आला तो सदरा त्यानं चढवला. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या तडकलेल्या आरशापुढं रांग लागली. महिना-महिना दाढी न करणारा आमचा चुलता गाल खरवडून, केसाला पाणी लावून बसला. आई सगळ्यांची वहिनी नाही तर काकी. तिच्याकडं मान वर करून कोणी बघत नव्हतं. पण खोलीत बाईमाणूस आल्यावर पुरुषाचा हात आपोआप केसाकडं जातो. ते त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर एकेकानं आपली वळकटी काखेत मारली.

"आत लई उकडतंय बगा. आमी आपलं भाईर पडतो," चुलता म्हणाला.

डिसेंबर महिना होता. मधल्या पॅसेजमध्ये फरशी बर्फासारखी लागत होती. काहीजण पॅसेजमध्ये पडले, बाकीचे खाली फुटपाथवर. मलाही "चल रं, तुला गोष्ट सांगतो" म्हणून चुलत्यानं आपल्या घोंगड्यात ओढलं. वीस-बावीस दिवस हे असं चाललं. पहाटे नळाला पाणी आलं की मंडळी खोकत खोकत यायची. एवढी माणसं एकदम कशी खोकतात, याचं मला नवल वाटायचं. खोकला झाल्यावर दाराची कडी निघायची, मगच ती आत पाऊल टाकायची.

हीच माणसं पगाराच्या दिवशी लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाला जाऊन शिट्ट्या मारायची, फेटे उडवायची. अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' म्हणताना गावाकडच्या बायकोच्या आठवणीनं त्यांचे गळे भरून यायचे. त्यांच्या अंगात आग नव्हती असं नाही. होती म्हणूनच, दुसऱ्याच्या वाट्याला चार रात्री आल्यात तर आपण थंडीत पडावं, एवढं त्यांना कळत होतं.

आता खानावळीचं सांगतो. ते सांगायला मला इतकी वर्षं लागली.

दोन चाळी सोडून एका गिरणी कामगाराच्या विधवेची खानावळ होती. तशा खानावळी गिरणगावात घरोघर होत्या. त्या चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत, म्हणून तर पुढं 1975 साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. ही बाई तेव्हा तिशीची असेल. जेवायला येणारे सगळे तिला 'मावशी' म्हणायचे. पन्नाशीतले म्हातारेसुद्धा. नातं लावलं की मधे कुंपण पडतं आणि दोन्हीकडची माणसं निवांत जेवू-वाढू शकतात.

तात्या तिला मावशी म्हणत नव्हते. ते तिला कसलीच हाक मारत नव्हते. नुसतं "जरा आमटी" म्हणायचे, आणि गावात कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणायचे. हळू आणि मऊ. ती पण विचारल्याशिवाय त्यांच्या ताटात दुसरी भाकरी टाकायची, ती पापुद्रा सुटलेली, मधली. मला ते दिसलं. आईला तर दिसलंच. माझ्या पोटात खड्डा पडला. आई मात्र खाली मान घालून जेवली, ताट पुसून उठली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच खानावळीत गेली आणि परातीपुढं बसली. पन्नास माणसांच्या भाकऱ्या दोघींनी मिळून थापल्या. रोजच जायला लागली. चार दिवसांनी तिच्या तोंडचं मी ऐकलं, "मला आक्का म्हन. मला पाठची भन न्हाईच." त्या दिवशी तात्या जेवायला बसले तर ती बाई सगळ्यांच्या देखत म्हणाली, "दाजी, आमटी वाढू का?" पंगत हसली. तात्यांचे कान लाल झाले. त्यांनी मान हलवली.

दाजी आणि मेव्हणी यांच्यात आपल्याकडं थट्टा चालते, चोरी चालत नाही. आईनं काही तोडलं नाही, कुठं भांडली नाही. जे आडून होतं ते तिनं पंगतीत आणून बसवलं. त्यानंतर काय राहिलं, काय नाही, मला माहीत नाही. गावाकडं परत आलो तेव्हा आईच्या गाठोड्यात त्या बाईनं दिलेली खणाची चोळी होती.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर गिरण्या बंद झाल्या. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. तात्यांनी आठ महिने कळ काढली, मग वळकटी घेऊन गावाला आले ते कायमचेच. आठही महिने त्यांना त्या बाईनं उधारीवर जेवायला घातलं होतं. हे कळल्यावर आईनं दोन बोकडं विकली आणि गावच्या माणसाबरोबर पैसे पाठवले. "खाल्लेल्या अन्नाचं बुडवू न्हाई," एवढंच म्हणाली.

तात्या 1991 साली गेले. दहाव्याला ती बाई एस.टी.नं आली. केस पांढरे झालेले, गुडघे धरलेले. ती आणि आई, दोघी चुलीपुढं गळ्यात गळा घालून रडल्या. बाकीच्या बायका एकमेकींकडं बघत होत्या. रात्री ती झोपल्यावर मी धीर करून आईला विचारलं, "तुला तवा राग न्हाई आला?"

"आला की. न यायला मी काय दगूड हाय?" आई म्हणाली. निखाऱ्यावर राख ओढत थोडा वेळ गप्प बसली. "पर अकरा म्हैनं त्येच्या ताटाकडं कोन बघत हुतं? मी हितं, त्यो तितं. जी ताटाकडं बघती तिच्याकडं मानूस बघनारच. त्यात त्येचं चुकलं न्हाई, तिचं बी न्हाई."

"मग चुकलं कुणाचं?"

तिनं उत्तर दिलं नाही. उठून आतलं घोंगडं आणलं आणि त्या झोपलेल्या बाईच्या अंगावर टाकलं.