पावती फाडणारा डायोड

हाले, 14 नोव्हेंबर 2023
नमुना थंड व्हायला घातला. निकेल डायटेल्युराइड या अर्धधातूचा पापुद्रा, वर नायोबियम या अतिसंवाहकाच्या दोन पट्ट्या. पापुद्रा स्वतः अतिसंवाहक नाही, पण पट्ट्यांमधली फट इतकी अरुंद की कूपर जोड्या, म्हणजे अतिसंवाहकातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या, पार होतात.

15 नोव्हेंबर, भाऊबीज
ताईचा फोन. "नक्की करतोस काय रे तिथे?" मी उदाहरणाला पुण्यातला एकेरी लक्ष्मी रस्ता काढला. ठरावीक मर्यादेपर्यंत प्रवाह विनारोध जातो; आमच्या नमुन्यात ती मर्यादा जाताना वेगळी, येताना वेगळी. दोन्हींच्या मधला प्रवाह सोडला तर एका दिशेनं फुकट, दुसरीकडून दंड भरून. "म्हणजे नो एन्ट्रीतून जाता येतंच की!" येतं. सिलिकॉनचा डायोड अडवतो, हा नुसती पावती फाडतो. हे मला आधी सुचायला हवं होतं.

16 नोव्हेंबर
रात्रीचे दोन. चुंबकाचा प्रवाह शून्य, तरी दोन दिशांच्या मर्यादांत फरक! नमुना तापल्यामुळे प्रवाह चढवताना आणि उतरवताना आकडे वेगळे पडतात, म्हणून दर वेळी शून्यापासूनच निघालो. फरक टिकला.
पण 2022 साली याच गावातल्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटानं या अर्धधातूत जो परिणाम दाखवला, त्याला चुंबकीय क्षेत्र लागतं: 10 मिलिटेस्लाच्या घरातलं, प्रवाहाला काटकोनात. पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांचा स्पिन त्यांच्या चालीच्या दिशेशी बांधलेला; क्षेत्र लावलं की जोडीला एका बाजूचा संवेग मिळतो. क्षेत्र वाढवत नेलं की एकेरी दिशा अनेकदा पालटते. लक्ष्मी रस्ता इथे साथ सोडतो.
क्षेत्राविना चालणारा डायोडही त्याच वर्षी दिसला होता, पण नायोबियमच्या संयुगांच्या थरांत. मग माझा कुठला? झोप लागली नाही.

17 नोव्हेंबर
क्षेत्र उलटं केलं. फरकाचं चिन्हही उलटलं, पण आलेख शून्यावर नव्हे, 2 मिलिटेस्लापाशी पालटतो. चुंबकाचं वेटोळंही अतिसंवाहकच. गेल्या आठवड्यात मीच त्यात मोठं क्षेत्र चढवलं होतं, त्यातलं थोडं अडकून राहिलं. पडद्यावर शून्य, नमुन्यापाशी नाही.

19 नोव्हेंबर
क्षेत्र आलटून-पालटून कमी करत अडकलेलं घालवलं. शून्यावर फरक नाही. क्षेत्र प्रवाहाला समांतर वळवलं: डायोड गायब. काटकोनात: हजर. 16 तारखेच्या आलेखावर लाल शाईनं '2 मिलिटेस्ला' लिहून तोही वहीत चिकटवला.