पद्मिनीला सलाइन

आमच्या बोदवडला माणसाची श्रीमंती त्याच्या बंगल्यावरून, जिराईत-बागाईतावरून किंवा बँकेतल्या शिलकेवरून ठरत नाही. (शेवटची गोष्ट मी अधिकाराने सांगतो, कारण ती शिल्लक रोज माझ्याच काउंटरवर मोजली जाते.) ती ठरते अंगणातल्या ड्रमांवरून. मुलगी द्यायची झाली तर मुलीचा बाप आधी ड्रम मोजतो आणि मग मुलाचा पगार विचारतो. निळा, झाकणाचा, दोनशे लिटरचा ड्रम. दोन ड्रमांचे घर म्हणजे खाऊनपिऊन सुखी. चार ड्रमांचे म्हणजे खानदानी. आमच्याकडे तीन आहेत. म्हणजे आम्ही पांढरपेशे.

तापी आणि पूर्णा या दोन नद्या आमच्या उत्तरेला चांगदेवाच्या देवळाजवळ एकमेकींना भेटतात. दोघी गळ्यात गळा घालतात आणि बोदवडकडे ढुंकूनही न पाहता पश्चिमेला चालत्या होतात. पलीकडे रावेर-यावलची केळी ठिबकवर गार पाणी पीत सावलीत उभी असतात आणि अलीकडे आम्ही 'नळ कधी येणार?' हे एकमेकांना विचारत उन्हात उभे असतो. नळ पंधरा दिवसांनी येतो, वीस दिवसांनी येतो, आणि येतो तो रात्री. दुपारी चारला, लोक जागे असताना, चहाबिहा झालेला असताना नळ आल्याचे माझ्या आठवणीत नाही.

अशा गावात माझ्याकडे मोटार आहे.

तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. 1978 चे मॉडेल. वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात जी फियाट बनवली तिचेच 1974 च्या सुमारास 'पद्मिनी' असे बारसे झाले. 2000 च्या सुमारास ती बनणे बंद झाले आणि 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सीही निवृत्त झाली. त्या वेळी मुंबईकरांनी तिला हार घातले, फोटो काढले, डोळे पुसले. आमची मात्र अजून सेवेत आहे. माझ्यापेक्षा ती दोन वर्षांनी मोठी आहे. 2021 च्या नव्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांची झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि त्यासाठी 20,000 रुपये भरावे लागतात. माणसाला पन्नाशी फुकट लागते, एवढा तरी फरक सरकारने ठेवला आहे.

ही गाडी आम्ही विकत घेतलेली नाही. ती पगार आहे. आमचे आप्पा एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. 1991 साली ती जिनिंग बसली. आप्पांचा चौदा महिन्यांचा पगार थकलेला होता. मालकांनी हात जोडले आणि दाराशी उभी असलेली गाडी दाखवली. आप्पांना गाडी चालवता येत नव्हती. ढकलत घरी आणली. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती, तो तिने ओवाळून टाकला आणि विचारले, "आता हिला खायले काय घालाचं?" पुढे आप्पा वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, पण चालवण्यापेक्षा ते ती धुण्यात जास्त रमले. दर रविवारी सकाळी बाही वर करून, दोन बादल्या पाण्यात, टपापासून चाकांपर्यंत. लोक पगार मोजतात, आप्पा तो धूत असत.

मी कॉमर्सचा पदवीधर असल्याने एकदा गाडीचा घसारा काढून पाहिला. घटत्या शिलकेच्या पद्धतीने, साल दरसाल 15 टक्के. चौदा महिन्यांच्या पगाराचे पंधरा हजार चारशे धरले, तर आज तिची पुस्तकी किंमत साठ-एकसष्ट रुपयांच्या आसपास येते. आमच्या गल्लीत वीस लिटर पाण्याचा जार वीस रुपयांना पडतो. म्हणजे तीन जार पाण्याने गाडी धुतली, तर धुलाई आणि गाडी एकाच भावात जाते.

हा हिशोब मी आमच्या सौभाग्यवतींना कौतुकाने दाखवला. ती म्हणाली, "मग दर धुण्याला नवीन गाडी घ्या."

पाण्याचे खाते तिच्याकडे आहे. तिथे मी फक्त खातेदार. तीन ड्रमांपैकी पहिला चालू खाते, दुसरा बचत खाते आणि कोपऱ्यातला, झाकणावर पाटा ठेवलेला तिसरा म्हणजे मुदत ठेव. मुदतीपूर्वी मोडायची नाही. शिवाय एकच पाणी चार वेळा वापरण्याची तिची एक विद्या आहे. तांदळाचे धुवण तुळशीला. भाजीचे पाणी भांड्यांच्या पहिल्या विसळणीला. कपड्यांचे शेवटचे पाणी फरशीला, फरशीचे संडासाला. या उतरंडीत पद्मिनीचा नंबर फरशीनंतर आणि संडासाच्या आधी लागावा अशी मी विनंती केली, ती एकदा मान्यही झाली. त्या पाण्याने धुतलेली गाडी वाळल्यावर आधी होती त्यापेक्षा फरशीसारखी दिसू लागली, एवढेच.

इतर ठिकाणी याचे कायदे असतात. केप टाउनला 2018 च्या दुष्काळात माणशी रोज 50 लिटर पाणी ठरवून दिले होते आणि नळाच्या पाण्याने गाडी धुवायला बंदी होती. बेंगळुरूला 2024 च्या मार्चमध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला 5,000 रुपये दंड लावला. बोदवडला दंड नाही. आमच्या समोर काकू आहेत.

काकू दिवसभर ओट्यावर बसून शेंगा फोडतात. त्यांच्या नजरेतून गल्लीतला एक थेंब सुटत नाही. मी फडके पिळले तरी त्या म्हणतात, "भाऊ, लय पानी हाये वाटते तुमच्याकडे!" यात टोमणा किती आणि चौकशी किती हे वीस वर्षांत मला कळलेले नाही.

तर मुद्दा असा, की आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि गाडी धुण्याचे काम माझ्याकडे आले. आप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि रविवारी सकाळी विचारत, "गाडी धुतली का रे?" पहिले दोन-तीन रविवार मी खरोखर धुतली. मग उन्हाळा लागला, नळ लांबला. एका रविवारी मी नुसते फडके मारले आणि म्हणालो, "धुतली." पुढच्या रविवारी फडकेही मारले नाही. आप्पांना समोर माणूस आहे की खांब हे दिसत नव्हते, त्यांना गाडीवरची धूळ काय दिसणार? बँकेत एवढी वर्षे काढल्यावर माणूस खोटी नोंद कधीच करत नाही. पण घरच्या वहीला ऑडिट नसते. असे पाच महिने गेले. पिस्त्याच्या रंगाची पद्मिनी हळूहळू आमच्या रस्त्याच्या रंगाची झाली. गल्लीतल्या पोरांनी मागच्या काचेवर बोटाने बेरजा केल्या.

आणि जळगावच्या डॉक्टरांनी आप्पांचे ऑपरेशन करून टाकले.

ते आठवडाभर बहिणीकडे राहिले. शनिवारी रात्री मेहुण्यांचा फोन आला. "आप्पांना एकदम स्वच्छ दिसायला लागलंय! भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तिथी वाचून दाखवली. उद्या अकरापर्यंत आणून सोडतो. डोळ्याला पाणी तेवढं लागू द्यायचं नाही."

ऑपरेशन यशस्वी झाल्याच्या बातमीने इतका हादरलेला मुलगा त्या डॉक्टरांनी पाहिला नसेल. त्या दिवशी नळाला अठरा दिवस झाले होते. चालू खात्यात तळ, बचत खात्यात वीतभर. मी मुदत ठेवीकडे पाहिले.

ही झोपल्यावर मी पाटा उतरवला, झाकण काढले आणि वीस लिटरचा एक कॅन भरला. फक्त एक. रात्रीच्या अंधारात आपल्याच घरातून पाणी चोरताना तांब्याचा जो आवाज येतो, तो मंदिराच्या घंटेएवढा असतो. वीस लिटरमध्ये पाच महिन्यांची धूळ कशी काढायची? बादलीने ओतले तर दोन दरवाजांत संपेल. तेव्हा मला, या जिल्ह्याचा सुपुत्र म्हणून, ठिबक आठवले. ठिबकच्या नळ्या जळगावात बनून जगभर जातात. बँकेत येणारे शेतकरी कर्जाच्या कागदांबरोबर मला त्याचे शास्त्र शिकवून गेले आहेत. एक ड्रीपर तासाला चार लिटर पाणी सोडतो. चार ड्रीपर म्हणजे सोळा लिटर. सव्वा तासात काम खलास, थेंबही वाया नाही. माळ्यावर नळीचा तुकडा होता. अंगणातल्या निंबाच्या फांदीला कॅन टांगला, नळी टपावर आडवी टाकली, आणि कॅनला भोक पाडून जोडली. टप भिजेल तसे पाणी चारी बाजूंनी ओघळेल, मी खालून पुसत जाईन, अशी योजना.

शेतकऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी विसरलो होतो. चार लिटर सुटतात ते दाब असेल तर, आणि तो दाब म्हणजे दहा मीटर उंचीवरच्या टाकीचा. माझा निंब फार तर आठ फूट. एक थेंब आला. मग विचार करून दुसरा आला. मी बाज टाकून पहारा देत बसलो, आणि बसल्या बसल्या झोपलो.

जाग आली ती काकूंच्या आवाजाने. सहा वाजले होते. त्या हातात रिकामी कळशी घेऊन गाडीसमोर उभ्या होत्या. त्यांनी निंबाकडे पाहिले, कॅनकडे पाहिले, नळीकडे पाहिले.

"काय हो भाऊ, कोनाले सलाइन लावलं?"

मी काही बोललो नाही. त्यांनी पदर सारखा केला. "रातच्याले पावने आले. दोन लहान लेकरं हायेत. कळशीभर पानी असन त पाहाले आलती." मग पुन्हा एकदा वर पाहून, अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "राहू द्या. पेशंट महत्त्वाचा."

हा टोमणा होता की नाही, हे या वेळी मला कळले.

तेवढ्यात सौ. बाहेर आली. काही विचारले नाही. स्टूल आणले, त्यावर चढली, फांदीवरचा कॅन सोडला, नळी उपटली आणि उरलेले पाणी फडक्यातून गाळून काकूंच्या कळशीत ओतले. कळशी भरून बोटभर उरले, ते पेल्यात घेऊन तुळशीला घातले. मग आत जाऊन तिने पाटा परत झाकणावर ठेवला. तो ठेवल्याचा आवाज मी अंगणात ऐकला. लग्नाला अठरा वर्षे झाली. ती ओरडते तेव्हा मी घाबरत नाही.

पद्मिनीकडे पाहवत नव्हते. रात्रभरात टपावरून जे आठ-दहा ओघळ उतरले होते, त्यांच्या जागी पिस्ता रंगाचे पट्टे आणि मध्ये मातीचे पट्टे. बोदवडात झेब्रा उभा होता. शिवाय आमचे पाणी जड. जिथे थेंब वाळले तिथे पांढरे ठिपके. म्हणजे झेब्र्याला देवी आलेल्या. मी कोरड्या फडक्याने पुसायला गेलो तर ओली माती पसरून पट्टेही गेले आणि नकाशा झाला.

बरोबर अकराला आप्पा उतरले. डोळ्यांवर काळा चष्मा. सुनेकडे पाहून म्हणाले, "बारीक झालीस." माझ्याकडे पाहून म्हणाले, "केस गेले की रे तुझे." मग गाडीपाशी गेले. एक फेरी मारली. बॉनेटवर बोट फिरवले, बोट चष्म्याजवळ नेऊन पाहिले.

"नळ कधी आलता?"

"आज एकोणिसावा दिवस."

"मंग ही ओली कशी?"

मी सौ.कडे पाहिले. तिने सगळे सांगितले. कॅन, निंब, काकू, पाहुण्यांची लेकरे. कशालाही चढवून सांगितले नाही, त्यामुळे ते फारच वाईट वाटले.

आप्पा खुर्चीत बसले. "कधी धुतली होती याच्या आधी?"

"फेब्रुवारीत."

"माहीत हाये," आप्पा म्हणाले. "माहे डोळे गेलते, कान नव्हते गेले. बादलीच्या कडीचा आवाज त यायले पाह्यजे का नाही? फडकं झटकल्याचा? तू घरातूनच 'धुतली' म्हनाचा."

"मग दर रविवारी विचारत कशाला होता?"

आप्पांनी चष्मा काढला, मग डॉक्टरांचे आठवून परत लावला.

"रविवारी आपल्या दोघाले बोलायले दुसरं काय हाये?"

यावर मला काही सुचले नाही. मेहुणे मध्येच म्हणाले की रस्ता फार खराब आहे, आणि सगळ्यांनी ते लगेच मान्य केले. दुपारी जेवताना आप्पांनी ताटातले तीळ मोजून दाखवले.

नळ आला सोमवारी रात्री दोन चाळीसला. गल्लीत दिवाळी उसळली. मोटारी सुरू झाल्या, पोरे नळ्या घेऊन धावली, कुणाची नळी कुणाच्या पायात. आप्पा रात्रीच्या अंधारात काळा चष्मा लावून ओट्यावर बसून हुकूम सोडत होते, "आधी तिसरा भर! आधी तिसरा!" त्यांना पाण्याजवळ यायची बंदी होती, म्हणून ते आवाजावरूनच सांगत होते कोणता ड्रम किती भरला. एकदाही चुकले नाहीत. पाऊण तासात नळ गेला. तिन्ही ड्रम, सहा हंडे, दोन पातेली, पिंप आणि मुलाची पाण्याची बाटली, सगळे काठोकाठ.

मी ओल्या पायजम्याने पायरीवर बसलो होतो, तेवढ्यात काकू आल्या. तीच कळशी, भरलेली.

"घ्या भो, तुमच्या पेशंटचं."

"अहो काकू, राहू द्या, आता आमच्याकडे…"

"उसनं ठेवत नाही मी," त्या म्हणाल्या आणि कळशी पायरीवर ठेवून गेल्या.

सौ.ने कळशीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि आत गेली. भांडी भरलेली होती. ओतायला घरात जागा नव्हती. आप्पा ओट्यावरून म्हणाले, "बॉनेट उघड."

मी टॉर्च धरून बॉनेट उघडले आणि रेडिएटरचे झाकण फिरवले. आत ठणठणीत कोरडे होते. पाणी जाताना आप्पा कान देऊन ऐकत होते.