थंडीतली धुरी

मिनेसोटात पारा शून्याखाली १० अंश उतरला, तरी आमचे शेजारी मांसाला धुरी देण्याची विजेची पेटी अंगणातच मांडतात. ८०० वॉटचा तो इवलासा जीव. त्याची ऊब वारा पळवतो, म्हणून भिंतीचा आडोसा. दार उघडून डोकावायचे नाही. कोंबडी आतून ७४ अंश तापेपर्यंत धीर धरायचा. आपल्याकडे निखाऱ्यावर तूप सोडून वरणाला धुंगार देतात, ते पाच मिनिटांचे काम. इथे सारी दुपार जाते!

एकदा कुडकुडत मी विचारले, “पेटी गॅरेजमध्ये का घेत नाही?” एरवी थट्टेखोर असलेले आजोबा हसले नाहीत. धुमसत्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला ना रंग, ना वास. आणि गॅरेजच्या वरच नातवंडांची निजायची खोली आहे.

मी मुकाट्याने मफलर घट्ट केला.