खडखडणारा फलक

वसईच्या माणसाला गाडीची वाट कशी पाहावी हे कोणी शिकवावे लागत नाही. कॉलेज, नोकरी, बाजार, इस्पितळ, सगळीकडे त्याला लोकलच नेते आणि लोकलच परत आणते. तरीसुद्धा वाट पाहण्याची एक निराळी तऱ्हा आम्हाला अनुभवायला मिळाली ती रोम शहरात. १९९८ साली ईशज्ञानाच्या पुढील अध्ययनासाठी आम्ही तेथे गेलो आणि पुढची तीन वर्षे तेर्मिनी या मुख्य स्थानकावर आमचे येणेजाणे होत राहिले. त्या स्थानकात गाड्यांची माहिती देणारे मोठमोठे काळे फलक होते. गावाचे नाव, सुटण्याची वेळ, किती मिनिटे उशीर, कितवा फलाट, अशा ओळी एकाखाली एक मांडलेल्या असत. गाडी सुटली की वरची ओळ पुसली जाई आणि खालची प्रत्येक ओळ एकेक घर वर सरके. हे सरकणे मुकाट्याने होत नसे. शेकडो पट्ट्या एकदम उलटू लागत आणि त्यांचा खडखडाट दालनभर पसरे. पत्त्यांचा कॅट पिसताना होतो तसा आवाज, परंतु कितीतरी पटींनी मोठा.

तो आवाज झाला की खाली उभ्या असलेल्या सर्वांच्या माना वर होत. त्यात धर्मभगिनी असत, सुट्टीवर निघालेले तरुण सैनिक असत, फिलिपाईन्सहून घरकामासाठी आलेल्या बायका असत, आणि आमच्यासारखे परदेशी विद्यार्थीही असत. पट्ट्या स्थिरावेपर्यंत कोणी बोलत नसे. मग कोणी सामान उचलून धावत सुटे, कोणी उशिराचा आकडा पाहून कपाळाला हात लावी, आणि दोन अनोळखी माणसे त्या आकड्याच्या निमित्ताने रेल्वेखात्याचा उद्धार करू लागत. आमचे इटालियन संभाषण वर्गात सुधारले त्यापेक्षा या फलकाखाली अधिक सुधारले, असे म्हटल्याने आमच्या प्राध्यापकांचा अवमान होऊ नये.

ही रचना वरवर वाटते तितकी सोपी नव्हे. फलकाच्या प्रत्येक घरात एक छोटा रहाट असतो आणि त्याच्या परिघावर बिजागरीने अडकवलेल्या पातळ पट्ट्या असतात. पट्टीच्या एका अंगाला एका अक्षराचा वरचा अर्धा भाग, तर दुसऱ्या अंगाला आधीच्या अक्षराऐवजी यायच्या अक्षराचा खालचा अर्धा भाग रंगवलेला असतो. मोटार रहाटाला एक पाऊल पुढे नेते, वरची पट्टी आपल्याच वजनाने खाली पडते आणि नवे अक्षर पुरे होते. काही फलकांत एकेका पट्टीवर अक्षराऐवजी अख्खे गावाचे नाव असे. रहाट फक्त पुढेच फिरतो. हवे असलेले नाव नुकतेच मागे पडले असेल तर मधली सगळी नावे ओलांडून, पुरा फेरा घालूनच तेथे पोहोचावे लागते. म्हणून नापोलीची गाडी दिसायच्या आधी क्षणभर फिरेन्झे, मिलानो, व्हेनेझिया अशी गावे डोळ्यांपुढून सरकून जात. आणखी एक गुण सांगण्यासारखा आहे. पट्टी एकदा जागेवर बसली की तिला तेथे राहण्यासाठी वीज लागत नाही. वीज गेली तर फलक पुसला जात नाही, असतो तसा थांबतो.

आमच्या वर्गात इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली प्रांतातला एक सहाध्यायी होता. रोमच्या लोकांविषयी त्याचे मत फारसे चांगले नव्हते, परंतु फलकाकडे बोट दाखवून तो अभिमानाने म्हणे, "हा आमच्याकडचा." त्याचे म्हणणे खरे होते. त्या प्रांतात आल्प्सच्या कुशीत कार्निया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील पेसारीस या लहानशा गावात सोलारी घराणे १७२५ सालापासून घड्याळे घडवीत आले. ही घड्याळे मनगटावरची नव्हेत, तर चर्चच्या आणि नगरमंदिरांच्या मनोऱ्यांवर बसवायची मोठी घड्याळे. दुसऱ्या महायुद्धानंतर या घराण्याचा एक कारखाना उदिने शहरात उभा राहिला. तेथे रेमिजिओ सोलारी यांची कल्पकता आणि जीनो व्हाल्ले या वास्तुविशारदाची दृष्टी एकत्र आली. त्यांच्या पट्टीच्या घड्याळाला १९५६ साली 'कोंपास्सो द'ओरो' हा इटलीतील मानाचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच सुमारास बेल्जियममधील लिएज स्थानकावर त्यांचा गाड्यांचा फलक लागला. पुढे जगभरच्या स्थानकांतून आणि विमानतळांवरून हे फलक पोहोचले. अमेरिकेत तर लोक अशा फलकाला 'सोलारी' याच नावाने ओळखू लागले.

मनोऱ्यावरचे घड्याळ करणाऱ्यांच्या हातून हा फलक व्हावा यात आम्हाला एक संगती दिसते. मनोऱ्यावरचे घड्याळ कोणा एकाचे नसते. शेतात वाकलेल्या माणसाला मान वर करून काटे पाहायची सवड नसली तरी ठोके ऐकू येतात, आणि ते गरिबाला आणि सावकाराला सारखेच ऐकू येतात. तेर्मिनीचा फलक त्याच वंशातला होता. बदल झाला ही वार्ता तो प्रथम कानांना सांगे, तपशील मग डोळ्यांनी पाहायचा. फलक करणाऱ्यांनी तो खडखडाट मुद्दाम योजला होता असे आम्ही म्हणत नाही. तो यंत्राचा निव्वळ स्वभाव होता. पण त्या स्वभावामुळे हजार माणसे एका क्षणी एकाच दिशेने पाहत.

२०२३ साली धर्मप्रांताच्या एका कामासाठी पुन्हा रोमला जाणे झाले, तेव्हा तेर्मिनीत सगळीकडे उजळ पडदे होते. वाचायला सोपे आणि मधल्या थांब्यांची नावेही देणारे. ओळी निमूटपणे बदलत होत्या आणि कोणाचीही मान वर होत नव्हती. बहुतेकांचा फलक ज्याच्या त्याच्या तळहातात होता.

येथे जुन्याची बाजू घेऊन नव्याला नावे ठेवणे सोपे आहे, आणि आमच्या वयाच्या माणसाला ते शोभूनही दिसते. परंतु ज्यांनी हे फलक उतरवले त्यांचीही बाजू आहे. एका रहाटावर पट्ट्या मोजक्याच मावतात. नवे गाव वेळापत्रकात आले की नव्या पट्ट्या छापून बसवाव्या लागतात. रोज हजारो वेळा उलटणारी पट्टी कधीतरी अडकते, तुटते. मग अर्धे अक्षर एका गावाचे आणि अर्धे दुसऱ्याचे असे विचित्र नाव प्रवाशांना वाचावे लागते. सुटे भाग मिळेनासे होतात, दुरुस्ती जाणणारे हात निवृत्त होतात. आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला खडखडाटातून एवढेच कळे की काहीतरी बदलले आहे. काय बदलले हे त्याला दुसऱ्यालाच विचारावे लागे. हा शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत वजनदार वाटतो. फलकाच्या आठवणीत रमणारे आम्ही सगळे डोळस होतो, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या 'थर्टिएथ स्ट्रीट' स्थानकावर हा वाद बराच रंगला. १९३३ साली उघडलेले ते भव्य स्थानक आहे. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या १,३०७ रेल्वे कर्मचाऱ्यांच्या स्मरणार्थ, मृत सैनिकाला ज्वाळांतून वर उचलणाऱ्या देवदूताचा प्रचंड पुतळा तेथे १९५२ सालापासून उभा आहे. त्याच दालनात मध्यभागी सोलारी फलक होता. तो काढणार अशी बातमी २०१८ साली आली तेव्हा शहरातील लोक हळहळले, आणि ब्रेंडन बॉयल या तेथील काँग्रेस सदस्याने तो राहू द्यावा अशी विनंती केली. रेल्वे चालवणाऱ्या अ‍ॅमट्रॅकचे उत्तर असे की त्यामागची यंत्रणा जुनाट झाली आहे, आणि अपंग प्रवाशांसाठी असलेल्या नियमांना धरून माहिती द्यायची तर नवी व्यवस्था आवश्यक आहे. २०१९ च्या जानेवारीत फलक उतरवण्यात आला.

आता गंमत पाहा. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर टीडब्ल्यूए कंपनीच्या जुन्या टर्मिनलचे हॉटेल झाले. १९६२ साली उघडलेल्या त्या इमारतीत सोलारी फलक होता, तो कौतुकाने दुरुस्त करून पुन्हा चालू केला गेला. म्हणजे ज्या दालनातून रोज माणसे गाडीला धावतात तेथला फलक गेला, आणि जेथून एकही विमान सुटत नाही तेथला खडखडू लागला. पाहुणे पेय हातात घेऊन तो आवाज ऐकतात. आमची त्याला हरकत नाही. परंतु ज्याची कोणी वाट पाहत नाही असा फलक आम्हाला पूजा न होणाऱ्या देवळातल्या घंटेसारखा वाटतो. असो.

आपल्याकडे लोकलच्या इंडिकेटरची कथा वेगळी आहे. त्याच्यावर आता नाव मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत आळीपाळीने येते. मराठी येईपर्यंत थांबले तर कधीकधी गाडीच येऊन उभी राहते. घोषणाही तीन भाषांत होतात, आणि शेवटच्या क्षणी फलाट बदलल्याची घोषणा झाली की सगळी गर्दी पुलाकडे धावते. या बाबतीत आपली स्थानके रोमपेक्षा सुदैवी म्हणायची, कारण येथे अजून सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येईल असे काही सांगितले जाते. युरोपात शांततेच्या सोयीसाठी जे कमी होत चालले आहे, ते येथे गोंगाट म्हणून कोणी बंद करू नये अशी आमची इच्छा आहे.

ही इच्छा आम्ही धरतो ती आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध बाईंमुळे. लाल लुगडे, डोक्यावर भाजीची पाटी, आयुष्यभर त्यांनी दादर आणि अंधेरीच्या बाजारांत फेऱ्या केल्या. त्यांना अक्षरओळख नाही. पट्ट्यांचा फलक असो की दिव्यांचा पडदा, त्यांच्या लेखी दोन्ही सारखेच. घोषणा गर्दीत नीट कळली नाही तर त्या शेजारच्याला विचारतात, "बाळा, ही वसईला थांबते ना रे?" सगळे जण इंडिकेटरकडे पाहत उभे असत तेव्हा एकदा विचारले की तिघे जण उत्तर देत. आता कानांत बोंडे घातलेल्या पोरांच्या दंडाला हात लावावा लागतो, आणि पोर दचकते, त्याचे त्यांना वाईट वाटते. परवा मिस्सेनंतर त्या आम्हाला सांगत होत्या, "फादर, पोरगा चांगला होता हो, त्याने मोबाईलमध्ये बघून मला सांगितले. पण तोपर्यंत गाडी गेली."