पाटाचं पाणी

मे महिन्यात मालवणात शांतता मागणं म्हणजे आंगणेवाडीच्या जत्रेत झोप मागणं. आमच्या न्याहारी-निवासाच्या चार खोल्या, चारही भरलेल्या. सकाळी सहाला स्कूबाची चौकशी, रात्री अकराला सोलकढी संपली म्हणून हाक. त्यात विहिरीने तळ गाठलेला. एका दुपारी सासूबाईंनीच स्कूटरची चावी पुढे केली. ‘‘जा खंय तरी. तोंड बघ तुजा!’’

धामापूरला निघाले. वाटेत सडा लागतो. पावसाळ्यात याच कातळावर इवली निळी-पिवळी फुलं दाटतात, पण मेमध्ये तिथे फक्त काळवंडलेला जांभा आणि जळालेलं गवत. खालून वर येणारी धग हेल्मेटातही शिरते. एकदा आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्याने सीनाईच्या वाळवंटातल्या सेंट कॅथरीन मठाचे फोटो दाखवले होते. सहाव्या शतकातला मठ, भोवती उघडे तांबडे डोंगर आणि मधोमध सरू, ऑलिव्ह, बदामाची बाग. तेव्हा मला ते खोटं वाटलं होतं. सड्यावरून उतारावर वळल्यावर अंगावर पहिली गार झुळूक आली आणि ते फोटो आठवले.

धामापूरचा तलाव देवाने दिलेला नाही, माणसांनी बांधला आहे. 1530 साली नागेश देसाई यांनी तो बांधला असं सांगतात. डोंगरांच्या कुशीत बांध घातला, पाणी अडलं. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. काठावर भगवतीचं देऊळ. फुलांची परडी पाण्यात सोडली की देवी लग्नासाठी दागिने द्यायची, कुणीतरी ते परत केले नाहीत आणि देणं थांबलं, ही गोष्ट इथे सगळ्यांना पाठ. मला त्या गोष्टीतल्या लबाडाचा राग येत नाही. लग्नघरातल्या गडबडीत काय काय हरवतं ते मी पाहिलंय.

देवीला हात जोडून मी खालच्या बाजूला, पोफळीत गेले. उन्हाचे तुकडे तेवढे खाली पडत होते. पोफळींवर मिरवेल, मध्ये केळी, जायफळाची दोन झाडं. शांतता म्हणावी तर आवाज सतत होता. वर कुठेतरी धनेशाच्या पंखांची फडफड, पाटातलं पाणी आणि फावड्याचा चिखलात होणारा चपक आवाज. मुंडासं गुंडाळलेले एक आजोबा पाणी वळवत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘‘बस वायच. खयसून इलंस?’’

मालवणातून, म्हटल्यावर ते हसले. ‘‘थंय पाणी विकत घेतास मगे?’’

टँकरचा हिशोब डोळ्यांसमोर आला आणि मी गप्प बसले. ते एका आळ्याचं तोंड फोडत, ते भरलं की चिखलाचा गोळा लावून बंद करत, मग पुढचं. घाई नव्हती, पण थांबणंही नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, अशी बाग आपोआप गार असते, आपण फक्त येऊन टेकायचं. त्या दुपारी दिसलं की हा गारवा रोज कुणीतरी फावड्याने ओढून आणतं. पाचशे वर्षांत किती हात या चिखलात गेले असतील! माझ्या खोल्यांच्या चादरींचा कंटाळा मला त्यांच्यासमोर सांगवेना.

मी चपला काढून पाटात पाय सोडले. घोट्यापर्यंत गार पाणी, तळाला मऊ गाळ. किती वेळ गेला कळलं नाही. फोन सात वेळा थरथरून गेला होता, ते नंतर कळलं.

निघताना आजोबांनी खाली पडलेली पोफळीची विरी उचलून दिली. ‘‘वारो घेवक बरी.’’

स्कूटरच्या पुढ्यात ती उभी मावेना, आडवी ठेवली तर वळणावर हँडलला लागायची. शेवटी पाठीशी बांधली. दारात पोहोचले तर सात नंबरची पाहुणी उभीच. गरम पाणी येत नव्हतं म्हणे. आमच्याकडे खोल्या चारच, पण नंबर चारपासून सातपर्यंत. ते सासऱ्यांचं डोकं. मी विरी तिच्या हातात दिली आणि बंब पेटवायला गेले.