आज्जाची सुरी आणि माझा चाकू

माझ्या खिशात बहुतेक वेळा एक चाकू असतो. हे वाचून मंडळातल्या दोघा-तिघांच्या भुवया वर जातील, म्हणून आधीच सांगून टाकतो. कॉलेजला येताना तो मी खोलीवर ठेवतो. एरवी किल्ली आणि बसचा पास असतो तसाच तोही खिशात असतो. तीन बोटं लांब पातं, मिटलं की मुठीत मावतं. आजवर त्यानं पेरू कापले, पोत्यांची सुतळी कापली, गणपतीच्या मांडवाचे दोर कापले. याच्या पलीकडं त्याचा पराक्रम नाही.

चाकू जवळ ठेवायची सवय मला आज्जाकडून लागली. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. भात, काजू, फणस आणि चार महिने नुसता पाऊस. आज्जाच्या कमरेला करगोट्याला एक छोटी सुरी कायम लटकलेली असायची. न मिटणारी. ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यापासून लोहाराकडून करून घेतलेली, शिसवी मूठ, चामड्याची म्यान. पातं जेमतेम चार इंच. सकाळी तोंड धुऊन झालं की धोतर, मग सुरी, मग चहा, असा त्याचा क्रम. खताचं पोतं फोडायचं, बांबूच्या कामट्या तासायच्या, काजूचं कलम बांधायचं, पायातला काटा काढायचा, सगळं त्या एका सुरीवर. संध्याकाळी ती धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवायची. पोलाद साधं असल्यामुळं पावसाळ्यात एक दिवस जरी चुकला तरी पात्यावर तांबूस डाग उमटायचा आणि आज्जा दिवसभर स्वतःवरच चिडायचा.

बारावीनंतर बेळगावला आलो आणि पहिल्या महिन्यातच बाजारातून मिटणारा चाकू घेतला. स्टेनलेस पातं, चापून बसणारी घडी, वर बारीकशी क्लिप. सुट्टीत मोठ्या ऐटीत आज्जासमोर उघडून दाखवला. त्यानं दोनदा उघडला, दोनदा मिटला आणि म्हणाला, "बरा हाय. पण ह्येचं कंबरडं मोडलेलं हाय की रे."

मला राग आला. आता वाटतं, चाकूचं सगळं शास्त्र त्यानं त्या एका वाक्यात सांगितलं होतं. न मिटणाऱ्या सुरीत पात्याचंच पोलाद मुठीच्या आत शिरलेलं असतं. जोर हातातून सरळ धारेपर्यंत जातो. मिटणाऱ्या चाकूत मधे एक खिळा येतो आणि सगळा भार त्या खिळ्यावर. ते पातं उलटून बोटांवर मिटू नये म्हणून लोकांनी किती डोकं चालवलंय! फ्रान्सच्या डोंगराळ भागात ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा चाकू १८९० पासून बनतो. तिथले शेतकरी तो खिशात घालून हिंडतात. त्याच्या पात्याला जागेवर धरणारी फिरती कडी मात्र १९५५ साली आली. म्हणजे मिटणारा चाकू शेतकऱ्याला चालत नाही असं नाही. फक्त त्याच्या कमरेची काळजी घ्यावी लागते.

ती मी घेतली नाही. गेल्या मे महिन्यात घरी फणस फोडला तो माझ्या चाकूनं. आज्जी म्हणत होती, पात्याला आणि हाताला खोबरेल लाव. मी म्हटलं, राहू दे गं. गरे खाल्ले, पातं वरवर पुसलं, चाकू मिटला आणि खिशात टाकला. फणसाचा चीक कुठंकुठं जातो हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावर बांधलेलं आमचं वासरू चरता चरता खालच्या मळीत घसरलं. दावं वरच्या मेखेला, वासरू खाली. मागचे पाय कसेबसे जमिनीला टेकत होते आणि गळ्याभोवती दावं आवळत चाललं होतं. मी सगळ्यात जवळ होतो. धावलो, खिशातून चाकू काढला आणि नखानं पातं ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. नख मोडलं. दातांनी धरून बघितलं. वासराची जीभ बाहेर आली होती आणि मी हातात चाकू असून रिकाम्या हातांचा होतो.

आज्जा तेव्हा काजूखाली बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे धरून चालणारा. तो कसा आला ते मी पाहिलं नाही. कमरेकडं गेलेला त्याचा हात तेवढा पाहिला. ताणलेलं दावं एका घावात तुटलं. वासरू मळीत पडलं, थोडा वेळ तसंच पडून राहिलं, मग धडपडत उठलं. आज्जानं सुरी धोतराला पुसली आणि म्यानात घातली. मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी ठरवून टाकलं, आज्जाचंच खरं. सुट्टी संपून खोलीवर आल्यावर याविषयी मिळेल ते वाचत सुटलो. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. त्याच्याजवळसुद्धा गारगोटीच्या पात्याची, लाकडी मुठीची छोटी सुरी होती आणि तिला झाडाच्या सालीच्या धाग्यांची विणलेली म्यान होती. हे वाचून मला आज्जाच आठवला. करगोटा तेवढा कमी होता.

पण गोष्ट इथं संपली नाही.

ऑगस्टमध्ये आज्जाच्या छातीत दुखू लागलं म्हणून त्याला बेळगावला एका मोठ्या दवाखान्यात आणलं. दारावरच्या पहारेकऱ्यानं त्याला अडवलं. "आजोबा, हे काय? चाकू घेऊन कुठं निघालाय?" आज्जाला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "सुरी हाय." जणू ते उत्तर पुरेसं होतं. मागं रांग थांबली. एका बाईनं आपल्या मुलाला जवळ ओढलं. आज्जानं ते पाहिलं.

आणि मी काय केलं? "माझा आज्जा शेतकरी आहे, ही त्याची नेहमीची सुरी आहे," असं मोठ्यानं म्हणायला हवं होतं. मी हळूच म्हटलं, "आज्जा, काढून दे की. लोक बघाय लागलेत." त्यानं थरथरत्या हातांनी करगोट्याची गाठ सोडली. माझा चाकू माझ्या खिशात होता. तिथं तपासायचं यंत्र नव्हतं, नुसती नजर होती. त्याची सुरी दिसत होती म्हणून अडली, माझा चाकू दिसत नव्हता म्हणून सुटला. मी तसाच आत गेलो.

पहारेकऱ्याला दोष देत नाही. दवाखान्यात धारदार वस्तू नको, हा नियम बरोबरच आहे. कायदा मात्र आज्जाला गुन्हेगार मानत नाही, हे मी नंतर शोधून काढलं. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना धरतात, आणि त्यातूनही घरकामाची आणि शेतीची हत्यारं वगळतात. पण भीती काही इंचांनी मोजली जात नाही. उघड्यावरच्या सुरीला लोक घाबरतात आणि मिटलेल्या चाकूच्या शेजारी निवांत बसतात. खरं तर कुणाच्या कमरेला काय आहे हे दिसलं तर घाबरायचं कारण कमीच. पण शहरात हिशेब उलटा चालतो, आणि त्या दिवशी मी शहराच्या बाजूनं उभा होतो.

चार दिवसांनी आज्जाला घरी सोडलं. जाताना दारावर सुरी परत मिळाली. त्यानं ती कमरेला बांधली नाही, कापडी पिशवीत टाकली. घरी गेल्यावर कोनाड्यात ठेवली. आज्जी म्हणते, आता तो चहाच्या आधी एकदा कमरेला हात लावतो आणि मग कप उचलतो.

दिवाळीत मी त्याला सगळं सांगितलं, खिशातल्या चाकूसकट. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दाखव बघू तुझा." मी दिला. चीक मी केव्हाच काढला होता. गोडंतेल लावून, कापडानं खिळा चोळचोळून. "आता ह्यो माझ्याकडं राहू दे," तो म्हणाला. "दवाखान्याला जायला बरा. सुरी तू घे. शेतात तुला लागंल."

मी त्याला सांगितलं की हा चाकूसुद्धा दवाखान्यात न्यायचा नसतो. तो हसला. "दिसत न्हाई न्हवं?"

आता सुट्टीला गावी गेलो की सुरी माझ्या कमरेला असते. बसताना टोचते, पावसात तेल मागते, पण हाताला लगेच येते. आज्जाच्या कोपरीच्या खिशात माझा मिटणारा चाकू. त्याच्या बोटांत आता जोर नाही, त्यामुळं त्याला पातं उघडत नाही. सुपारी फोडायची असली की तो हाक मारतो, चाकू पुढं करतो, आणि मी उघडून देतो.